इमूचे तेल, मांस, कातडे आणि अंडी : खरा उपयोग कशाचा?

केरीकर
नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आहे आणि घरामागे कुंपण घातलेली मोकळी जमीन आहे. दोडामार्गजवळ राहणाऱ्या माझ्या आतेभावाने बऱ्याच वर्षांपूर्वी इमू, म्हणजे शहामृगासारखे मोठे, न उडणारे पक्षी, पाळले होते. पिल्ले परत विकत घेण्याची हमी देणारी कंपनी २०१२ च्या सुमारास बंद पडली, पक्षी मात्र राहिले. आता वयोमानामुळे त्याला ते सांभाळणे होत नाही आणि उरलेले पक्षी आम्ही न्यावेत, असा त्याचा आग्रह आहे. पिल्ले विकण्याच्या धंद्यात मला मुळीच रस नाही. तेल, मांस, कातडे, पिसे, अंडी यांपैकी कशाचा माणसाला खरोखर उपयोग होतो आणि कशाचा नुसताच गवगवा झाला, एवढे मला समजून घ्यायचे आहे. आमच्या सासूबाई गुडघ्यांना इमूचे तेल लावतात आणि त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरातलाही आहे. ज्यांनी या वस्तू वापरल्या, विकल्या किंवा अभ्यासल्या आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

म्हापशेकर
तेलाबद्दल अनुभवाने सांगतो. माझ्या वडिलांच्या टाचांना थंडीच्या दिवसांत इतक्या खोल भेगा पडत की चालताना रक्त येई. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, इमूचे तेल चोळून मोजे घालण्याचा परिपाठ ठेवल्यावर त्या भेगा भरून आल्या. तेल अंगात लवकर मुरते, त्याला वास जवळजवळ नसतो आणि ते फारसे चिकट राहत नाही. याहून मोठा दावा मी करणार नाही.

निवृत्त_औषधनिर्माता
म्हापशेकरांचा अनुभव मला पटतो, कारण त्यांनी तेलाकडून तेलाचेच काम करून घेतले आहे. इमूची चरबी वितळवून आणि शुद्ध करून जे तेल मिळते, त्यात सर्वांत मोठा वाटा ओलेइक आम्लाचा असतो. तो साधारण ४० ते ५० टक्के भरतो. ऑलिव्ह तेलातही हेच मेदाम्ल मुख्य असते. त्याखालोखाल सुमारे २० टक्के पामिटिक आम्ल आणि साधारण १० ते १५ टक्के लिनोलेइक आम्ल असते. असे मिश्रण त्वचेवर सहज पसरते आणि तिचा ओलावा टिकवून धरते, म्हणून कोरड्या त्वचेसाठी, टाचांच्या भेगांसाठी आणि फुटलेल्या ओठांसाठी हे तेल चांगलेच आहे. इमू हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. तेथील आदिवासी समाज जखमांवर आणि दुखऱ्या सांध्यांवर त्याची चरबी पिढ्यानपिढ्या लावत आले आहेत आणि आधुनिक संशोधनाची सुरुवातही त्या परंपरेतूनच झाली.

पुढची पायरी मात्र जपून चढावी लागते. उंदरांवरील प्रयोगांत या तेलाने सूज कमी झाल्याचे दिसले आहे. परंतु ऑस्ट्रेलियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात वेगवेगळ्या ठिकाणच्या तेलांच्या परिणामात मोठा फरक आढळला. याचे कारण समजण्यासारखे आहे. पक्ष्याने काय खाल्ले, चरबी किती तापमानाला वितळवली आणि तेल किती दिवस उघडे राहिले, यांवर त्याची घडण अवलंबून असते. माणसांवरील चाचण्या थोड्याच झाल्या आहेत. इराणमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चेहऱ्यावरील सेबोरिक त्वचादाहासाठी हे तेल वापरून पाहिले गेले. तेलाने खाज आणि पापुद्रे कमी झाले, तथापि हायड्रोकॉर्टिसोन आणि क्लोट्रिमाझोल या नेहमीच्या मलमांनी ते अधिक कमी झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इमूच्या तेलाला कोणत्याही रोगावरील औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे तर कर्करोग किंवा मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा ठरते. तरीही इमूच्या तेलाच्या बाटलीवर अशा रोगांची नावे छापलेली मी दुकानात पाहिली आहेत, आणि ती वाचून कोणी चालू असलेले औषध बंद करील, याची मला फार चिंता वाटते.

माशेलची_मीरा
औषधनिर्माता काकांचे म्हणणे अभ्यासपूर्ण आहे, पण एका बाजूने माझा आग्रहाचा विरोध नोंदवते. माझ्या आईचे गुडघे झिजलेले आहेत. सकाळी हे तेल कोमट करून चोळले की तिला जिना उतरता येतो आणि चोळले नाही तर कठडा धरावा लागतो. हे मी रोज पाहते. त्याला चाचणीचा शिक्का नाही, एवढ्यासाठी ते खोटे कसे ठरेल? केरीकर ताईंच्या सासूबाईंचा विश्वासही उगाच बसलेला नसणार.

निवृत्त_औषधनिर्माता
मीराताई, आईंना आराम पडतो हे मी नाकारत नाही. कोमट तेल, वीस मिनिटांचे मर्दन आणि लेकीचा हात यांनी आखडलेला सांधा मोकळा होतो. असा आराम तिळाच्या किंवा नारळाच्या तेलानेही मिळतो की इमूच्याच तेलाने मिळतो, हे ठरवण्यासाठी दोन्ही वापरून पाहावी लागतील. आईंची हरकत नसेल तर एक आठवडा एक आणि दुसरा आठवडा दुसरे तेल, त्याच पद्धतीने आणि त्याच वेळी लावून पाहा. इमूच्या तेलाच्या छोट्या बाटलीला जो भाव द्यावा लागतो, तो पाहता ही तुलना करण्यासारखी आहे. सांध्यातल्या हाडांमधली झिजलेली कूर्चा कोणत्याही तेलाने भरून येत नाही, म्हणून गुडघ्याचे व्यायाम आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला चालू ठेवावा.

पशुवैद्य_फोंडा
तेलाची चर्चा होते तेव्हा ती चरबी पक्ष्याच्या अंगावर कशासाठी असते, हे कोणी विचारत नाही. इमूमध्ये अंडी नर उबवतो. साधारण आठ आठवडे तो घरट्यावरून क्वचितच उठतो, त्या काळात जवळजवळ काही खात नाही आणि पाठीवर साठवलेल्या चरबीवर तगून राहतो. म्हणून विणीच्या हंगामाआधी पक्षी लठ्ठ होतो आणि हंगाम संपेपर्यंत ती चरबी उतरते. आपल्याकडे अंड्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. तेलासाठी पक्षी कापायचाच असेल तर पावसाळा सरताना कापावा. उन्हाळ्याच्या तोंडावर कापलेल्या पक्ष्यातून निराशाच पदरी पडते. चांगल्या पोसलेल्या एका पक्ष्यापासून ५ लिटरच्या आसपास तेल मिळू शकते, पण हा आकडा वर्षभर गृहीत धरून केलेला हिशेब कागदावरच राहतो.

केरीकर ताईंना दोन गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. मांसासाठी इमू साधारण सव्वा ते दीड वर्षाचा असताना कापतात. आपल्या आतेभावांचे पक्षी त्या मानाने फारच वयस्क आहेत. इमू बंदिस्त जागेत वीस वर्षांहून अधिक जगतो, त्यामुळे ते अजून बराच काळ जगतील, परंतु त्यांचे मांस चिवट असणार. दुसरी गोष्ट सत्तरीच्या पावसाची. हा कोरड्या, मोकळ्या माळरानात रमणारा पक्षी आहे. पाऊस अंगावर घ्यायला तो कचरत नाही, पण सतत चिखलात उभे राहिल्याने पाय बिघडतात आणि ओलसर, बुरशी आलेल्या बिछान्यामुळे श्वसनाचे विकार होतात. उंचावरची, पाणी न साचणारी जमीन आणि पत्र्याची कोरडी शेड यांची सोय आधी करावी आणि मगच पक्षी आणावेत.

रांदपघर
मांसाविषयी लिहिते. हैदराबादला नातेवाइकांकडे मी इमू स्वतः रांधला आहे आणि पाहुण्यांना वाढला आहे. पक्षी असूनही याचे मांस गडद लाल असते, चवीला मटणापेक्षा बीफच्या जवळ जाते. इमू उडत नसल्यामुळे त्याच्या छातीवर कोंबडीसारखा मांसल भाग नसतोच, सगळे मांस मांड्यांत आणि पोटऱ्यांत असते. १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि साधारण २ ते ४ ग्रॅमच चरबी असते, लोहही चांगले असते. ज्यांना मटणाची चरबी चालत नाही पण लाल मांस आवडते, त्यांच्यासाठी हा खरोखर उत्तम पर्याय आहे. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ ही जाहिरात मात्र चुकीची आहे, कारण कोणतेही मांस कोलेस्टेरॉलमुक्त नसते.

चरबी नसल्याचा परिणाम भांड्यात लगेच दिसतो. बकऱ्याचे मांस आपण जितका वेळ शिजवतो तितका वेळ हे शिजवले की आतला रस निघून जातो आणि तुकडा कोरडा, दोरखंडासारखा होतो. मी तंतूंच्या आडवे पातळ काप केले, त्यांना आले-लसूण, हळद आणि कोकमाचा आगळ लावून रात्रभर ठेवले, मोठ्या आचेवर झटपट परतले आणि शागोतीचा, म्हणजे आपल्या गोव्याकडच्या मटण-कोंबडीच्या रश्शाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा मसाला वेगळा शिजवून शेवटी त्यात मिसळला. नारळाच्या रसामुळे या मांसात नसलेला स्निग्धपणा येतो, म्हणून आपली पद्धत त्याला फार मानवते. वयस्क पक्ष्याच्या बाबतीत डॉक्टरांशी मी सहमत आहे. त्याचे काप करण्याच्या फंदात न पडता खिमाच करावा.

कुळागर
रांदपघर यांनी तोंडाला पाणी आणले, परंतु विक्रीचे काय? आपल्या समाजात सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी), श्रावण शिवराक, आणि उरलेल्या दिवशी पहिली पसंती मासळीला. माझा कुक्कुटपालनाचा व्यवसाय आहे. नव्या मांसाची चौकशी करणारे गिऱ्हाईक एकदा हौसेने घेते, पण महिन्याच्या महिन्याला ते परत यावे लागते. किनारपट्टीवरील हॉटेलांना वेगळे पदार्थ हवे असतात हे खरे, तथापि त्यांना ठरावीक दिवशी, ठरावीक वजनाचा, परवानाधारक ठिकाणी कापलेला आणि शीतसाखळीतून आलेला माल लागतो. चार-दोन म्हाताऱ्या पक्ष्यांवर तो करार पाळता येणार नाही.

नाईक_मास्तर
या पक्ष्याची उत्पादने चांगली असूनही शेतकरी का बुडाले, हे इथे स्पष्ट व्हायला हवे. भारतात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इमू आले, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि महाराष्ट्र येथे ते पसरले. शेतकऱ्याने जोडी विकत घ्यायची, कंपनीने खाद्य द्यायचे, दरमहा रक्कम द्यायची आणि पिल्ले परत घ्यायची, असा तो व्यवहार होता. त्या पिल्लांचे गिऱ्हाईक पुढचा नवा शेतकरीच होता. जोडीची किंमत तिच्यापासून मिळणाऱ्या तेला-मांसाच्या किमतीशी कधी जुळलीच नाही. नवे शेतकरी येणे थांबले आणि सगळा डोलारा कोसळला. तमिळनाडूतील पेरुंदुराईची सुसी इमू फार्म्स २०१२ साली बंद पडली, हजारो ठेवीदार रस्त्यावर आले आणि मालकावर ठेवीदार संरक्षण कायद्याखाली खटला चालून शिक्षा झाली. अमेरिकेत १९९०च्या दशकात जवळजवळ हेच घडून गेले होते. तिथेही पैदाशीच्या जोड्यांचे भाव गगनाला भिडले, आणि मांस घेणारे पुरेसे नाहीत हे कळल्यावर लोकांनी पक्षी मोकाट सोडून दिले.

यात तेलाचा किंवा मांसाचा काही दोष नव्हता. कत्तलखाना, चरबी शुद्ध करण्याची सोय, कातडे कमावणारा आणि दुकानदार ही साखळी आधी उभी राहायला हवी होती. ती कोणी उभारली नाही आणि पक्षी मात्र वाढवत नेले.

म्हादईकाठ
मास्तरांच्या लेखनाला जोडून लिहितो. पक्षी सोडून देण्याची गोष्ट केवळ अमेरिकेची नाही. महाराष्ट्रातही खाद्य परवडेना तेव्हा इमू सोडून दिले गेले. म्हणून माझे मत असे की, उपयोग असो वा नसो, जो हे पक्षी नेईल त्याने ते अखेरपर्यंत सांभाळण्याची तयारी ठेवावी. आमच्या म्हादईच्या खोऱ्यातल्या जंगलात परदेशी पक्षी सोडण्याचा विचारही कोणी करू नये.

हस्तकला_बांदोडा
आतापर्यंत कातड्याचा आणि अंड्याचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहिते. मी चामड्याच्या छोट्या वस्तू तयार करते. इमूच्या अंगाचे कातडे पातळ आणि मऊ असते, त्यावर पिसांच्या मुळांचे बारीक उंचवटे ओळीने दिसतात आणि त्या दाण्यांमुळेच पाकिटे उठून दिसतात. पायाच्या कातड्यावर सरपटणाऱ्या प्राण्यासारखे खवले असतात. ते रुंदीला कमी असले तरी घड्याळाच्या पट्ट्याला पुरते, आणि मगरीच्या किंवा सापाच्या कातड्याची हौस कोणताही वन्य प्राणी न मारता भागते. अडचण अशी की कातडे काढल्याबरोबर चरबी खरवडून मीठ चोळावे लागते, आपल्या दमट हवेत एक दुपार उशीर झाला तरी ते कुजते. कमावण्यासाठी ते तमिळनाडूत, चामड्याच्या कारखान्यांच्या राणीपेट-आंबूरकडे पाठवावे लागते आणि थोड्या कातड्यांसाठी ते परवडत नाही. शिवाय म्हाताऱ्या पक्ष्यांच्या कातड्यावर तारेचे आणि एकमेकांच्या लाथांचे वण असतात.

पिसांचे वैशिष्ट्य असे की एकाच मुळातून सारख्या लांबीची दोन पिसे निघतात, त्यामुळे झुपका भरदार दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या लाइट हॉर्स पथकांचे घोडेस्वार टोपीला हीच पिसे लावत. धूळ झटकण्याचे कुंचे, मुखवटे आणि नाटकांचे शिरपेच यांसाठी ती चांगली आहेत. जिवंत पक्ष्याची पिसे उपटू नयेत, गळलेली वेचावीत.

माझ्या मते केरीकर ताईंच्या हातात असलेली सर्वांत मोलाची वस्तू अंडे आहे. इमूचे अंडे साधारण ५०० ते ६०० ग्रॅम वजनाचे, कोंबडीच्या दहा अंड्यांएवढे भरते. त्याचे कवच बाहेरून गर्द हिरवे, जवळजवळ काळे, त्याखाली निळसर हिरवे आणि सगळ्यात आत पांढरे असते. थर किती खरवडला यावर छटा ठरते, रंग लावावाच लागत नाही. ऑस्ट्रेलियात अशा कोरीव अंड्यांची मोठी परंपरा आहे. शिवाय त्यासाठी पक्षी मारावा लागत नाही.

कुळागर
लेंडीखत राहिले. कोंबडखताप्रमाणे ते कुजवून सुपारीला आणि काजूला घालता येईल. ताजे घालू नये, मुळे भाजतात.

केरीकर
सर्वांचे मनापासून आभार. काल सासूबाईंना मीराताईंचे आणि काकांचे, दोघांचेही म्हणणे वाचून दाखवले. एक आठवडा नारळाचे आणि एक आठवडा इमूचे तेल लावून पाहायला त्या तयार झाल्या आहेत. पक्ष्यांच्या बाबतीत आमचे असे ठरते आहे की, मांसाचा आणि कातड्याचा विचार सोडून द्यावा, वरच्या बाजूच्या कातळाजवळ शेड बांधून पक्षी आणावेत, आणि अंडी व खत एवढ्यावरच समाधान मानावे. एखादा पक्षी वार्धक्याने मेला तर त्याची चरबी काढून तेल करता येईल का, असे आतेभाऊ विचारत होता. आणि तसे तेल इतरांना विकता येते का?

निवृत्त_औषधनिर्माता
आपोआप मेलेल्या पक्ष्याची चरबी मुळीच घेऊ नये. मृत्यूचे कारण रोग असू शकते आणि आपल्या हवेत चरबी काही तासांतच खवट होऊ लागते. तेलासाठी निरोगी पक्ष्याचीच ताजी चरबी लागते. तिचे बारीक तुकडे करून ती मंद आचेवर, उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवतात, तिला थेट जाळ लागू देत नाहीत. मग ते तेल दाट कापडातून दोनदा गाळतात. चांगले तेल फिकट पिवळसर असते, फ्रिजमध्ये थिजते आणि बाहेर काढल्यावर वर पातळ, खाली दाट असे दोन थर दिसतात. पाण्याचा अंश राहिला तर ते टिकत नाही. विक्रीसाठी मात्र केवळ गाळणे पुरत नाही. त्वचेला लावण्याचे तेल सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचे असेल तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार उत्पादनाचा परवाना लागतो. घरगुती तेल बाटलीत भरून शुक्रवारच्या बाजारात मांडू नये.

पशुवैद्य_फोंडा
आणखी एक सूचना. पक्षी आणताना त्यांना समोरून पकडू नये. इमू पुढच्या बाजूला लाथ मारतो आणि त्याच्या तीन बोटांची नखे पोट फाडण्याइतकी बळकट असतात. दोन अनुभवी माणसांनी मागून जाऊन त्याला पंखांजवळ कवेत धरावे, वाहनात अंधार ठेवावा आणि प्रवास पहाटे करावा. माद्या आणि नर आवाजावरून ओळखता येतात. मादी गळ्यातील पिशवी फुगवून ढोल वाजावा तसा घुमणारा आवाज काढते, नर घुरघुरतो. अंडी हवी असतील तर माद्या किती आहेत, हे आणण्यापूर्वी तिथेच उभे राहून ऐकून घ्या.

केरीकर
ही सूचना अगदी वेळेवर मिळाली. हस्तकला_बांदोडा ताई, अंडी रिकामी कशी करायची आणि आपण ती घ्याल का, तेवढे सांगा.

हस्तकला_बांदोडा
आनंदाने घेईन. घरट्यातून उचललेले अंडे ओल्या फडक्याने हलकेच पुसा. साबण लावू नका, घासू नका, वरचा हिरवा थर लगेच ओरखडतो. रुंद टोकाला बारीक ड्रिलने एकच भोक पाडा, लांब तारेने आतला बलक फोडून ढवळा आणि सायकलच्या पंपाला बारीक नळी जोडून हवा आत सोडा, म्हणजे आतले सगळे भांड्यात बाहेर येते. अंडे ताजे असेल तर त्याचे ऑम्लेट करता येते. कवच पाण्याने तीन-चार वेळा आतून खळबळून, भोक खाली करून सावलीत आठवडाभर सुकवा. आत ओल राहिली तर कोरताना दुर्गंधी येते आणि मग ते अंडे टाकावेच लागते. तडा गेलेली अंडीही फेकू नका, त्यांच्या तुकड्यांचे मी कानातले करते.